गल्लीतलं एक तरी माणूस

हान्या, संत फानूरिओसचा दिवस,
सूर्य बंदराच्या भिंतीवर टेकलेला

टिंग. पाण्याच्या पेल्यात चमचा सोडल्याचा आवाज. आज पहाटेपासून माझ्या कानात तोच वाजतो आहे, सत्तर वर्षांपूर्वीचा, तुमच्या माडीवरचा. मुरंबा खाऊन झाला की पाहुण्याने चमचा पेल्यात सोडायचा, वर पाणी प्यायचं, घरच्यांना उदंड आयुष्य चिंतायचं आणि खुर्ची पुढच्याला मोकळी करून द्यायची. आपण दोघं जिन्याखाली बसून नुसत्या आवाजावरून पाहुणा ओळखायचो. दबका टिंग म्हणजे पाद्रीबाबा. लागोपाठ दोन टिंग म्हणजे सुरीवाल्या सिफिसने दुसरा चमचा मागून घेतला.

अरे, पण थांब. आपले गुरुजी असते तर एव्हाना हातावर पट्टी बसली असती. मायना टाकून मी थेट कवितेत शिरलो.

तर परमप्रिय मानूसो, माझ्या लेकीचा बाप्तिस्मा करून सख्ख्या भावाच्याही एक पायरी वर बसलेल्या माझ्या दोस्ता, तुला फानूरिसचा समुद्रापलीकडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? साखर आटोक्यात आहे का? फ्रोसोवहिनींना मेलबर्नची थंडी अजून बाधते का? आमचं विचारशील तर आम्ही ठीक आहोत. (‘आम्ही’ म्हणजे मी. माझ्या एर्गिनाला जाऊन तीन वर्षं झाली, पण व्याकरणाला अजून कोणी कळवलेलं नाही.)

आज माझ्या नावाचा दिवस. तुझ्या नातवंडांना समजावून सांग, कारण ती तिकडे केकवर मेणबत्त्या फुंकत वाढली : आपल्याकडे वाढदिवस पोराबाळांचे, मोठ्या माणसाचा त्याच्या नावाच्या संताचा दिवस. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं. बोलावणं हाच अपमान, कारण ज्याला बोलवावं लागतं तो आपला कसला? आपण फक्त दार उघडं टाकून बसायचं. मग येतो तो येतो. एर्गिना गेल्यावर मी रीतीप्रमाणे दार बंद ठेवलं. सुतकाच्या घरात नावाचा दिवस पाळत नाहीत. यंदा पुन्हा उघडलं. पण मानूसो, तीन वर्षं आतून दार लावून बसलेल्या माणसाला बाहेर काय चाललंय ते कळत नाही रे. मी शोक करत होतो आणि मागच्या मागे गल्ली उठून गेली.

गारिफालिया (तुझी धर्मकन्या, माझी पोटची, आणि जिभेने दोघांचीही आजी) गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, “बाबा, त्या गल्लीत आता माणसं राहतात का? दारादारावर प्रवाशांसाठी आकडे फिरवायच्या चाव्यांच्या पेट्या राहतात. जिन्यावरून पडलात तर उचलायला पेटी येणार आहे का?”

मी म्हटलं, “शेजार आहे अजून.”

“नाव सांगा एकाचं.”

मी सिफिस म्हणालो. ती म्हणाली, “सिफिसकाकांच्या अंत्यविधीला मी आले होते, बाबा. तुम्हीच भाषण केलंत. यमक जुळवून.”

मग आमची पैज लागली. तिनेच घातली, हो. मी काही जुगारी नाही. गल्लीत जन्मलेलं एक तरी माणूस माझ्या नावाच्या दिवशी, न बोलावता, आपल्या पायांनी उंबरा ओलांडून आलं, तर ती अथेन्सचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही आलं, तर ऑक्टोबरात मी तिच्या चौथ्या मजल्यावर राहायला जायचं आणि या घरालाही एक पेटी लावायची. चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो का, मी विचारलं. म्हणाली, “गच्चीवर चढून डावीकडे वाकलात तर दिसतो.” या वयात समुद्रासाठी वाकायचं म्हणजे एकदाच वाकायचं.

तयारी मी सैन्यासारखी केली. बर्गामोत लिंबाच्या सालींचा मुरंबा एर्गिनाच्या हातचा होता, शेवटची बरणी. तीन वर्षं मी तिच्याकडे फक्त पाहत होतो, आज उघडली. संताची पोळी मीच भाजली. तेल, संत्र्याचा रस, अक्रोड, दालचिनी, अंडं नाही की दूध नाही. ही पोळी केली की संत फानूरिओस हरवलेली वस्तू शोधून देतो, हे तुला माहीत आहेच (तुझ्या आईने तिच्या जोरावर गाढव परत मिळवलं होतं). मी पोळी देवळात नेली आणि स्पष्ट शब्दांत मागणं मागितलं : एक हरवलेला शेजारी, वय कितीही, दात असले नसले तरी चालेल.

बोलवायचं नाही हा नियम मी पाळला. पण नियमाच्या कडेकडेने थोडा फिरलो, ते तुझ्यापासून काय लपवू? कोपऱ्यावरच्या घरातली अथिनी आता बाहेरच्या वस्तीत लेकाकडे राहते. परवा ती बसमध्ये दिसली, तेव्हा मी तिच्याकडे न बघता ड्रायव्हरला मोठ्याने विचारलं, “काय हो, गुरुवारी सत्तावीस तारीख ना?” ड्रायव्हर म्हणाला, “आजोबा, मागे सरका.” अथिनी मात्र खुलली. “अगंबाई, सत्तावीस? बरं झालं बोललास फानूरी, माझी डोळ्यांची तपासणी आहे त्या दिवशी. विसरलेच असते.” इतकी मनापासून आभारी झाली की मी निमूट मागे सरकलो.

सकाळी दार उघडलं. इस्त्रीचा सदरा घातला, खुर्च्या भिंतीशी लावल्या, एर्गिनाच्या फोटोखाली दिवा ठेवला आणि बसलो. आणि काय सांगू, पाहुण्यांची रीघ लागली! पहिलं जोडपं उंच, गोरं, घामाने डबडबलेलं, मागे चाकांच्या दोन पेट्या. आत आले, हसले, आणि माझ्यासमोर पासपोर्ट ठेवले. मला वाटलं, तीन वर्षांत नावाच्या दिवसाच्या रीती फारच कडक झाल्या. मी पासपोर्ट वाचले, फोटो खरोखर चांगले होते तसं सांगितलं, आणि मुरंबा पुढे केला. ते खाऊन त्यांनी विचारलं, खोली कुठली? ते तुझ्या घरी उतरणारे प्रवासी होते, मानूसो. तुझ्या माडीला आता सुगंधी साबणासारखं कसलंसं नाव आहे, आणि तुझी आई ज्या टाक्यात जैतुनाचं तेल साठवायची त्यात कोमट पाणी सोडून लोक गळ्यापर्यंत बसतात. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि जाताजाता दोन ओळी ऐकवल्या, तिथल्या तिथे जुळलेल्या :

चाकांची पेटी पुढे धावते, माणूस मागुन येतो;
पेटीस मिळते खोली आधी, माणूस जिन्यात र्‍हातो.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्थ कळला नाही म्हणूनच वाजवल्या असाव्यात, पण आपल्या वर्गात अर्थ कळूनही कोणी वाजवत नसे.

त्यानंतर आलेल्यांना वाटलं, हे खाद्यगृह आहे. चार बायका खुर्च्या ओढून बसल्या, एकीने मला बोटाने बोलावलं आणि कॉफीत साखर नको म्हणाली. मी आनंदाने केली. पाहुण्याने हक्काने मागावं यापरतं सुख नाही. उठताना त्या बिल मागू लागल्या. मी छातीवर हात ठेवून संताच्या चित्राकडे बोट दाखवलं. त्यांनी चित्राचा फोटो काढला. त्यांतली सगळ्यात गोड बाई म्हणाली की ती या जागेला पाचपैकी चार तारे देणार. मी हातवारे करून विचारलं, पाचवा का नाही? तिने ओशाळून माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात लांबवले. म्हणजे मी कॉफीबरोबर ऐकवलेली कविता लांबली. मानूसो, शाळेत गुरुजींनीही माझा एक गुण याच कारणासाठी कापला होता. निदान जगाचं मत स्थिर आहे.

दुपारी मोठ्या जहाजातून एक कुटुंब आलं. त्यांना हे घर संग्रहालय वाटलं. पोरगा कोपऱ्यातल्या हातमागाला हात लावायला गेला तर आईने “हात नको!” म्हणून दटावलं. दिवसभर उभा राहून माझे पाय भरून आले होते, म्हणून मी माझ्या खुर्चीत टेकायला गेलो, तर तिने मलाही हळूच दंडाला धरून उठवलं. वस्तू जुनी आहे, बसू नये, असं खुणेने सांगितलं. मी उभा राहिलो. काय करणार, तिचं चुकलं असं छातीठोक म्हणवेना. मग तिचा नवरा एर्गिनाच्या फोटोसमोर बराच वेळ थांबला आणि त्याने मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये विचारलं, “कुठलं शतक?”

मी म्हटलं, “हिचंच.”

त्याला कळलं असावं. त्याने टोपी काढली, पोराचीही काढायला लावली. मला एकदम आत जाऊन पाणी प्यावं लागलं.

(इथे कागदावर डाग पडला आहे तो मुरंब्याचा. तसंच समज.)

उन्हं कलली तेव्हा एक म्हातारा आला. एकटा, काठी टेकत, तिकडच्या कुठल्या उत्तरेकडच्या देशाचा. सावली बघून शिरला. मी फोटोकडे बोट केलं, त्याने आपल्या बोटातली अंगठी दाखवली. तशीच दुसरी, लहानशी, गळ्यातल्या साखळीत होती. मग आम्ही बसलो. दोघांनी थोडी थोडी त्सिकुदिया घेतली, द्राक्षांची, घसा जाळणारी. मी त्याला सगळं म्हणून दाखवलं, चौथीच्या पुस्तकातली पाखरांची, सहावीतली गलबताची, मग माझ्या स्वतःच्या. तो माझ्या डोळ्यांत बघत मान डोलवत राहिला. आयुष्यात इतका रसिक श्रोता मला लाभला नव्हता. निघताना त्याने खिशातून कानाचं यंत्र काढलं, कानात बसवलं, आणि मोठ्याने “थँक्यू” म्हणाला.

तर असा दिवस गेला. खुर्ची रिकामी राहिली नाही, बरणीचा तळ दिसला. संताला मी दोष देत नाही. मी मागितला हरवलेला माणूस. त्याने वाट हरवलेले जेवढे होते तेवढे पाठवले. नीट पत्ता मी सांगायला हवा होता. बाहेर बंदरावर आता गर्दी फुलली आहे, दीपस्तंभाकडे तोंड करून सगळे उभे आहेत, आणि माझ्या डोक्यात हे घोळतंय :

उघडे दार नि उघडी खिडकी, आत खेळतो वारा;
ओळखीचा ना एक चेहरा, गजबजलेला किनारा.

बरं आहे ना? की पुन्हा एक तारा जाईल? असो. एकंदरीत नावाचा दिवस थाटात पार पडला, माझं अगदी छान चाललंय, काळजी करू नकोस. गुडघ्याला जैतुनाचं तेल कोमट करून लाव. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे.

तुझा,
फानूरिस

ता. क. : गारिफालियाचा तुला फोन येईल. विचारेल. तिला सांग की तू आला होतास. ऑगस्टात तिकडची मंडळी गावी येतातच, तिला संशय येणार नाही, आणि धर्मपित्याच्या शब्दावर ती बापापेक्षा जास्त विश्वास ठेवते. तू गल्लीत जन्मलास, तूही चालतोस. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. (गाढव मागितलं होतं. ते तू दिलं नाहीस.)

आणखी ता. क. : ती खोलात शिरेल म्हणून सांगून ठेवतो. तू दोन चमचे मुरंबा खाल्लास. कडसर लागला म्हणालास, कारण तो कडसर लागतोच, तीन वर्षं झाली. स्वतःचं घर बघायला तू गेला नाहीस, जिन्याशी जाऊन परत फिरलास. आणि मी कसा दिसलो असं विचारलं, तर म्हण, ठीक दिसला, जरा वाळलाय, पण घर सोडून जगेल असं वाटत नाही. एवढं मात्र खोटं नाही. हे तुला खुशाल शपथेवर सांगता येईल.

तिसरा ता. क. : दारात परत कोणीतरी आलंय. बाई आहे, मागून उजेड आहे म्हणून तोंड दिसत नाही. पेटी चाकांची नाही, हातात रिबिन बांधलेला मिठाईचा डबा आहे. आजच्या दिवसात हे पहिलंच कोणीतरी, जे आत न घुसता उंबऱ्याबाहेर थांबलंय. बरणी खरवडून एक चमचा निघेल, तो देतो आणि दार लावतो.

मानूसो, वरचं सगळं खोडून टाक, कोणाला काही सांगू नकोस. गारिफालिया आहे. कधी निघाली, कशी आली, देव जाणे. किल्ली तिच्याकडे आहे, दारही उघडंच आहे, तरी ती बाहेर उभी राहून कडी वाजवते आहे आणि मला ‘बाबा’ म्हणत नाही. गल्लीतल्या बायका काकांना हाक मारायच्या तसं, त्याच हेलात म्हणते आहे, “बार्बा-फानूरी, शेजारीणच आहे मी, इथेच जन्मले. आज पाहुणे घेता ना?”