बाजूने बघायचा नेब्युला

शनिवार, जानेवारी. जेवणानंतर.

आज पप्पांना मृग नक्षत्रातला नेब्युला दाखवला. दाखवायला नको होता का? नाही, बरंच झालं. माहीत नाही.

गच्चीवर शहाद्याच्या साखर कारखान्याच्या लाइट्स नडतात, म्हणून घरामागच्या तोडणी झालेल्या शेतात गेलो. बायनॉक्युलर देऊन मी सांगितलं, सरळ बघू नका, थोडं बाजूला बघा, मग फिकट ढग दिसेल. ही ट्रिक जमायला मला किती दिवस लागले होते. पप्पांना लगेच जमली.

"दिसनं बेटा. धुरनागत शे."

मी खूश. म्हटलं, तुम्ही तर एक्सपर्ट निघाले.

"मी आते सम्दं बाजूथीनच देखस," ते म्हणाले. "मधमा काहीच दिसत नई. तुन्हं तोंडबी असंच देखस."

मी आधी हसले. मग आठवलं, हल्ली ते बोलताना माझ्या कानाकडे बघतात. मला वाटायचं, रागावलेत.

"आणि ट्रॅक्टर? उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून रोज कारखान्याला नेता तो?"

"शहादाना रस्ता पाठ शे मन्हा. तुन्ही मायले सांगू नको. सीझन सरू दे."

रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची माणसं कशी पाठ असतील? तीही बाजूनेच बघणार?

पहाटे त्यांची खेप आहे. मी ट्रॅक्टरची चावी काढून घेतलीय. आत्ता बाहेर पप्पा भिंतीवरचा खिळा चाचपतायत. चावी तिथे नाहीये, की आपल्यालाच दिसत नाहीये, हे त्यांना कळत नाहीये.