युरिया न मिळालेली ओळ

१९ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळ.

लाकडासाठी लावलेल्या मलबार निंबाचे शेंडे रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आज पुन्हा खाल्ले. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, उपटून टाका. तिथं हळद लावू." पण बांधाजवळची ती एक ओळ डोक्यातून जाईना. तिला एकही तोंड लागलेलं न्हाई. काहून? रोह्यांची वाट तर तिथूनच आहे.

मग आठवलं. युरियाचं पोतं त्या ओळीपाशीच संपलं होतं. कपाशीला टाकतो तसा बाकी झाडांना मूठ-मूठ युरिया मीच टाकला. पानं हिरवीकच्च झाली म्हणून शेजारणीला दाखवलीसुद्धा.

दोन्हीकडची पानं चावून बघितली. युरियाचं पान कोवळं, पालकासारखं. बांधाजवळचं इतकं कडू की दोनदा चहा पिऊनही जीभ अजून ताळ्यावर न्हाई. म्हणजे रोह्यांना ताट मीच वाढून दिलं.

झाडं उपटणार न्हाई. युरियाचं पोतं आता तिकडं न्यायचंच न्हाई. सकाळी भाऊजी आले की चहाच्या आधी त्यांना बांधाजवळचं पान चावायला देणार. त्यांनी तोंड वाकडं केलं की सांगणार, रोह्यांचं बी असंच झालं.