करंजाची तेवीस रोपं

रविवार, ७ जुलै

सकाळी सव्वासातला ओढ्यावर गेलो. हिचं खुरपं, हातमोजे आणि ओळखपत्र गटाला परत केलं. अकरा लोक हजर. पाऊस नव्हता. साडेनऊला घरी.

हिला जाऊन चार महिने झाले. ओढा स्वच्छ ठेवणाऱ्या या गटात ती सहा वर्षं जात होती. त्यांच्या वस्तू घरात पडून होत्या, त्या देऊन यायचं, एवढंच काम. दोन मिनिटांचं. पण सगळे वाकलेले असताना आपण एकट्यानं ताठ उभं राहणं बरं दिसेना, म्हणून थोडं गवत उपटलं. दोन तास.

गटाच्या प्रमुख बाई जीवशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांनी गाजरगवत दाखवलं. पानं गाजरासारखी, बारीक कापलेली, जरा राखाडी. फुलायच्या आत मुळासकट काढायचं, नाहीतर एकेक झाड हजारो बिया टाकतं. मी म्हटलं, कळलं. पाणी खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढलेत. एकदा पाहिलेली खूण विसरत नाही.

पुन्हा जायचा प्रश्न नाही. खुरपं मात्र त्यांनी माझ्याकडेच दिलंय.

मंगळवार, ९ जुलै

बाल्कनी आवरायला काढली. मार्चपासून तिकडचं दार उघडलं नव्हतं. कोपऱ्यात हिचं फळांचं लाकडी खोकं, मातीनं भरलेलं. कडेला चिठ्ठी डकवलेली, हिच्या अक्षरात: करंज, ९.

मातीत हिरवे कोंब. मोजले. तेवीस.

नऊ बियांतून तेवीस रोपं! चार महिने पाणी नाही, खत नाही. हिच्या हाताला गुण होताच. मी कधी बोलून दाखवलं नाही, ते असो.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, एका बीतून एकच झाड येतं ना? तिला म्हटलं, तू कॉमर्स केलंस.

ठरवलं. रोपं मोठी करायची आणि ओढ्याकाठी लावायची. यात भावनेचा प्रश्न नाही. कुणाचंही काम अर्धवट राहिलेलं मला आवडत नाही.

रविवार, १४ जुलै

ओढ्यावर गेलो, केवळ रोपांची बातमी द्यायला. बाई फार खूश झाल्या. म्हणाल्या, भाऊजी, करंज काठाची माती धरून ठेवतो, आणा नक्की. औषधांचं दुकान चालवणारे गृहस्थ गटात सगळ्यांत बोलघेवडे. ते म्हणाले, काका, वहिनींनी जाता जाता तुम्हाला कामाला लावलं म्हणा की! मी हसलो. मग सगळेच हसले. बरं वाटलं.

एक सप्टेंबरला लागवड ठरली. आता माघार नाही.

गवत तीन पोती. त्यातलं जवळजवळ एक माझं.

शुक्रवार, १९ जुलै

जुन्या नकाशांच्या वहीत रोपांचा तक्ता केला. प्रत्येकाला नंबर. उंची मिलिमीटरमध्ये, रोज सकाळी सात वाजता. आठ नंबर आघाडीवर. पंधरा नंबर मागे पडतोय. त्याच्याकडे जास्त लक्ष देणार.

पानं सुरेख आहेत. बारीक कापलेली, जणू कुणी कात्रीनं नक्षी केलीय. रंगही साधा हिरवा नाही, त्यात थोडी राखाडी झाक. झाडांकडे मी आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. हळहळ वाटते.

रविवार, २१ जुलै

गटाच्या मोबाइल ग्रुपवर खोक्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, करंज, वय अंदाजे तीन आठवडे. दोन तास कुणीच काही लिहिलं नाही. मग औषधवाल्यांनी नमस्काराचे हात पाठवले. मग बाईंनी लिहिलं, निगा छान राखली आहे.

अनुभवी बाईंकडून एवढं येणं म्हणजे मोठीच गोष्ट. लोक थक्क झाले असावेत.

बुधवार, २४ जुलै

बाई घरी आल्या. चहा केला. बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. बाल्कनीत नेलं तर खोक्यापाशी उभ्या राहून नुसत्याच, अरे वा, म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. जाताना पिशवीतून एक रोप काढून दिलं. म्हणाल्या, हेसुद्धा करंजच आहे, शेजारी ठेवा, रोज दोन्ही बघत जा.

बघितलं. बाईंचं रोप अगदीच सामान्य. गुळगुळीत, रुंद, गोलसर पानं, कुठे नक्षी नाही. बिचाऱ्यांना जमलं नसावं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोललो नाही. रोप दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. आमच्या रोपांशेजारी ते फारच केविलवाणं दिसतं.

मंगळवार, ३० जुलै

शिंका. सकाळी सात ते साडेसात, मोजमाप करताना, चौदा. डोळे लाल. हातांवर पुरळ. खालच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे, त्याचाच परिणाम.

शनिवार, ३ ऑगस्ट

बाई पुन्हा आल्या. रोपांची ओढ लागलीय त्यांना. माझे डोळे पाहून जवळ आल्या. म्हणाल्या, भाऊजी, मनात ठेवू नका. मी म्हटलं, रंगकाम. त्या म्हणाल्या, हो हो, रंगकाम. आणि पदरानं स्वतःचे डोळे टिपले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण चहा पिऊन तशाच गेल्या.

सगळ्यांना वाटतं मी रडतो. मी रडत नाही. हिच्या वेळीही रडलो नाही. लोक भेटायला येत होते, त्यांची व्यवस्था बघायची होती.

मंगळवार, ६ ऑगस्ट

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, आसपास गाजरगवत आहे का? मी अभिमानानं म्हटलं, दर रविवारी मीच काढतो. ते म्हणाले, मग दोन आठवडे ओढा बंद, घरात बसा. गोळ्या दिल्या.

गटाचं कसं होणार? पण प्रकृतीपुढे इलाज नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

जवळजवळ दोन आठवडे घरी. बहुतेक वेळ रोपांजवळ बसून. शिंका दुप्पट. यावरून सिद्ध झालं की दोष गवताचा नाही, घरी बसण्याचा आहे. डॉक्टरांना कळवलं.  ते म्हणाले, तुमच्या मनाला पटेल ते करा.

आठ नंबर छत्तीस सेंटिमीटर. पंधरा नंबरनं कमाल केली, तेहतीस. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, हल्ली तुम्ही खूप बोलता. मी म्हटलं, सांगण्यासारखं असतं म्हणून बोलतो. आठ मिनिटं एकट्या पंधरा नंबरविषयी सांगितलं.

रविवार, २५ ऑगस्ट

परत ओढ्यावर. जोरदार स्वागत. औषधवाले म्हणाले, काका, तुम्ही नव्हता तर गवतसुद्धा उदास होतं.

एक नवे सभासद आलेत. लिफ्ट दुरुस्त करतात, अंगापिंडानं दणकट, मिशीवाले. गवताची ओळख करून द्यायचं काम बाईंनी माझ्यावर सोपवलं. सोपवताना माझ्याकडे जरा रोखून पाहत होत्या. विश्वास असावा. मी अर्धा तास समजावलं. पानं कापलेली बघा, राखाडी झाक बघा, शंका आली की थांबू नका, मुळासकट उपटा. लिफ्टवाल्यांनी मान हलवली. माणूस हुशार आहे. एकदा सांगितलेलं डोक्यात पक्कं बसतं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

आठ, अकरा आणि पंधरा नंबरला कळ्या! पांढऱ्या, मोहरीएवढ्या. पाच वर्षांनी येणारा फुलोरा पहिल्याच पावसाळ्यात. ग्रुपवर कळवलं. बाई तासाभरात दारात हजर, धापा टाकत. म्हणाल्या, कळ्या खुडू या का, रोपाला ताकद येते. मी खुडू दिल्या नाहीत. हिनं पाहिल्या असत्या तर, असं म्हणणार होतो, पण चहाचं विचारलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

बाईंचा फोन. भाऊजी, उद्या खोकं आणू नका, रोपं लहान आहेत, पुढच्या वर्षी लावू. मी म्हटलं, एक्केचाळीस सेंटिमीटर म्हणजे लहान? त्या म्हणाल्या, बरं.

रात्रीच भाषण लिहिलं. चार ओळी. हिचा उल्लेख एकदाच.

रविवार, १ सप्टेंबर

लागवड झाली नाही.

खोकं चादरीखाली झाकून नेलं. वीसेक लोक होते. खड्डे तयार होते, तेवीस, मी आदल्या रविवारी आखून दिले तसे. खोकं गवताच्या ढिगाशेजारी ठेवलं, चादर काढली आणि भाषणाचा कागद शोधायला खिशात हात घातला. तेवढ्यात लिफ्टवाले पुढे झाले. आठ नंबर उपटला. मग पंधरा. मुळासकट, सफाईनं. माझ्यासमोर धरून म्हणाले, सर, तुम्ही सांगितलंत अगदी तस्संच, राखाडी झाक, शंका आली की थांबायचं नाही.



मी खोक्याकडे पाहिलं. मग ढिगाकडे पाहिलं. मग पुन्हा खोक्याकडे.

बाई वर्गात बोलावं तशा हळू म्हणाल्या, भाऊजी, हे गाजरगवत आहे. मी म्हटलं, हो का. मग विचारलं, सगळंच? त्या म्हणाल्या, सगळंच.

सगळ्यांना फोटोपासून माहीत होतं. औषधवाल्यांनी सांगितलं, काका, कुणी सांगायचं यावर मीटिंग घेतली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, बाईंची निघाली. तीनदा तुमच्याकडे आल्या आणि तीनदा नुसता चहा पिऊन परत.

हिच्या नऊ रोपांचंही कळलं. ती हिनं फेब्रुवारीतच आणून दिली होती. स्वतः. नऊच्या नऊ पुलापलीकडे लावलीत, सात जगली. खोक्यात तेव्हापासून नुसती माती होती, त्यात वाऱ्यानं बी पडलं. चिठ्ठी काढायची राहिली, एवढंच.

लिफ्टवाले फार ओशाळले. सर, परत लावतो, म्हणाले. दोन्ही मुळं मातीत खुपसायलाही लागले. बाई ओरडल्या, अहो, नको! तिथे सगळ्यांना एकदम हसू फुटलं. मलाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. रंगकाम पंधरा दिवसांपूर्वीच संपलंय.

उरलेल्यांना माझ्यादेखत कुणी हात लावेना. खोकं घेऊन घरी आलो.

सोमवार, २ सप्टेंबर

सात वाजता मोजमाप केलं नाही. नाकाला रुमाल बांधला आणि एकवीस रोपं उपटली. सतरा नंबरचं मूळ तुटलं, ते चमच्यानं उकरून काढलं. सगळं पिशवीत भरून गाठ मारली. दोन शिंका.

मुलीला फोनवर सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, बाबा, पुढच्या रविवारी मी येते, पुलापलीकडे जाऊ. मी म्हटलं, बघू. चिखल असतो.

माती गच्चीवर पसरली. खोकं धुऊन भिंतीला उभं केलं. बाल्कनीच्या फरशीवर त्याचा चौकोनी डाग पडला होता, साबणानं घासला, निघाला नाही. आतली वेताची खुर्ची आणून डागावर ठेवली. तिचा एक पाय हलत होता. त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला आणि बसून पाहिलं.