सात केसपेपर

१९ जून, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, आठवडाभर तरी चुलीसमोर उभी राहू नकोस. आणि दादा, तुला स्वतःचा चहा करता येतो. इकडे बाकी ठीक. घरमालकाने एकदाचा भिंतींना रंग दिला, तोही बाहेरून. आतली ओल तशीच आहे. भाची कामावर जाते. जेवते की नाही ते मला माहीत नाही, कारण गेले बारा दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. का, ते सांगायलाच बसले आहे, पण हात वळत नाही.

तू लिहिलंस, 'ताई हट्टीच. दुखणं अंगावर काढायची तिची जुनी खोड. पण तू दवाखान्यात आहेस म्हणून मी इथे निर्धास्त होतो. तू होतीस म्हणून निदान तरी झालं.' हे वाचलं आणि मोरीत जाऊन ओकले. तोंड धुतलं, परत आले, परत वाचलं. दादा, माझं हे पत्र वाचून फाडून टाक, असं मला सांगता येत नाही. पण माझ्याबद्दल असलं काही पुन्हा लिहू नकोस.

माझं काम तुला वरवर ठाऊक आहे. काचेच्या मागे बसायचं, अर्धगोल भोकातून नाव विचारायचं, केसपेपर काढायचा, नंबर द्यायचा. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या ठिकाणी. वेळ नऊची. येतात अकरा पस्तीसला, त्यांचं नावच आम्ही 'अकरा-पस्तीस' ठेवलं आहे. एकला परत गाडीत. तेवढ्यात साठ-सत्तर माणसं बघायची म्हटल्यावर माणूस बघून होत नाही, कागदच बघितला जातो. आणि त्या कागदावर 'तक्रार' नावाचा एक बोटभर रकाना असतो. तो मी भरते.

ताई पहिल्यांदा आली ती सप्टेंबरमध्ये. लाँड्रीतून तशीच आली होती, इस्त्रीच्या वाफेने चेहरा लाल. काचेपाशी वाकून म्हणाली, "अगं, दोन घास खाल्ले की पोट टम्म होतं. आणि परकर बसेना झालेत. या वयात पाळणा हलवायचाय की काय मला?" मागच्या दोन बायका हसल्या. मीही हसले. रांग दारापर्यंत गेली होती. मी रकान्यात एकच शब्द लिहिला : गॅस.

डॉक्टरांनी तो शब्द वाचला, मान वर न करता गोळ्या लिहिल्या, कंपाउंडरने गुलाबी औषधाची बाटली भरून दिली. झालं.

त्यानंतर ती सहा वेळा आली, दादा. एकूण सात. दुखणं अंगावर काढणारी बाई सात वेळा येते का? दर वेळी लाँड्रीतला अर्धा दिवस बुडवून, बाकावर तीन-तीन तास बसून. दोनदा तर तिचा नंबर येण्याआधीच एक वाजला आणि गाडी गेली. ती म्हणायची, "राहू दे, तुझ्या डॉक्टरांना भूक लागली असेल." आणि मी मागचा कागद बघून नव्या कागदावर तेच उतरवायची. गॅस. गॅस. गॅस. हात काडीसारखे बारीक होत गेले, पोट वाढत गेलं. आणि आम्ही घरात तिला काय म्हणत होतो? सुटलीस! चालायला जात जा!

जानेवारीत ती मला म्हणाली, "मला मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दे ना एक. तिथे मशीनवर बघतात म्हणे."

आता खरं सांगते. चिठ्ठ्यांचं पॅड माझ्याच खणात असतं. डॉक्टर दर महिन्याला वीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकून ठेवतात, म्हणजे त्यांना त्रास नको. कोणाला द्यायची ते त्यांना विचारायचं, एवढाच नियम. त्याच आठवड्यात एका कंत्राटदाराच्या सासूला मी न विचारता दिली होती. तिचा गुडघा दुखत होता. कंत्राटदार दवाखान्याच्या कमिटीवर आहे आणि मला कायम करायची फाईल कमिटीपुढे होती. अकरा वर्षं मी रोजंदारीवर त्या काचेमागे बसले, तुला माहीत आहे.

ताईला मी म्हटलं, "ताई, घरच्यांना आधी चिठ्ठ्या वाटते म्हणून बोंब होईल. फाईलचं होऊ दे, मग बघू. गॅसला कोणी मशीनवर घालत नाही."

ती म्हणाली, "बरं." एवढंच. वाद नाही, रुसवा नाही. घालून पाडून बोलली असती तर आज मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात ती इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळली. लाँड्रीवाल्या बाईने तिला धुतलेल्या चादरींच्या गाडीतच आडवी घातली आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात नेली. कुठली चिठ्ठी न् काय! तिथे कोणी मागितलीसुद्धा नाही. मी बसने मागून पोचले. एक तरुण डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. तिने ताईच्या पोटावर हात ठेवला, दाबलं, कुशीवर वळवलं, परत दाबलं. आठ महिन्यांत त्या पोटाला लागलेला डॉक्टरचा पहिला हात. डॉक्टरणीचा चेहरा उतरला. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला, पाणी झालेलं. हे नंतर कळलं. तेव्हा तिने फक्त विचारलं, "एवढं होईपर्यंत कोणी हात लावून बघितलंच नाही? कुठे दाखवत होतात?"

मी पलंगाच्या पायाशी उभी होते. भाचीही आली होती. ताईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरणीला म्हणाली, "कुठेच नाही हो. मीच गेले नाही. अंगावर काढलं."

दादा, तिला बोलतानाही धाप लागत होती, आणि तेवढ्या श्वासात तिने माझी नोकरी वाचवली. आणि मी काय केलं? मी मान डोलवली. "हट्टी आहे," असंही म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडचे. तुझ्या पत्रात ते वळून आले आहेत, दुसरं काही नाही.

एकोणीस दिवसांनी, दुपारी, ती गेली. तू पोचलास तेव्हा सगळं आवरलं होतं.

त्याच आठवड्यात मला कायम केल्याची ऑर्डर आली. कंपाउंडर म्हणाला, "दुःखात सुख! गोड खायला घाला." अकरा-पस्तीस भेटायला घरी आले होते, बुटांसकट आत. ताईच्या फोटोकडे बघून म्हणाले, "बायका स्वतःकडे दुर्लक्ष करतात, हाच आपल्याकडचा प्रॉब्लेम." पाच वेळा तिला औषध लिहिणारा माणूस! त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता. आठवणार कसा, बघितलाच नव्हता. माझ्या अंगावर शिसारी आली. आणि मी त्याला चहा दिला, बशीत बिस्किटं मांडून.

जाताना दारात हळूच म्हणाले, "तिचे जुने पेपर असतील तर जरा बाजूला काढून ठेवा. उगाच कुणाच्या हाती नकोत." तेव्हा कळलं की त्यांनी ते शोधून पाहिले होते. चेहरा आठवत नव्हता, पण सही कुठे केली ते आठवत होतं.

मी काढले. सातही. घरी आणून पिठाच्या डब्यामागे ठेवले. फाडायचे की कसं, ते ठरत नव्हतं. माझ्याबद्दल आणखी काही चांगलं वाटत असेल तर तेही इथेच सोड.

मग एके दिवशी भाची आईचे कपडे लावत बसली होती. एकदम परकर भिरकावला आणि रडत ओरडली, "मावशी, मला तिचा राग येतो. मी एवढी कमावती असून तिने मला सांगितलं नाही, कुणालाच दाखवलं नाही. तिला माझी काही पडलीच नव्हती का?"

ते मात्र सहन झालं नाही. ताईवर कोणी रागवावं, तेही तिच्या पोरीनं, आणि मी ऐकत बसावं! उठले, डबा सरकवला, कागद तिच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, "ती सात वेळा आली होती. मला चिठ्ठी मागितली होती. मी दिली नाही."

तिने एकेक वाचला. खूप वेळ लागला नाही, वाचायला त्यात होतं काय! मग विचारलं, "गॅस कोणी लिहिलं?"

"मी."

"आणि हॉस्पिटलात आई खोटं बोलली, तेव्हा तू शेजारी होतीस."

"हो."

तिने कागद घडी न करता उचलले आणि गेली. जाताना चप्पलसुद्धा नीट घातली नव्हती.

तिने वरच्या ऑफिसात तक्रार केली आहे. तक्रारीत दोन नावं आहेत, डॉक्टरांचं आणि माझं. अकरा-पस्तीस काल मला म्हणाले, "आपण दोघांनी एकच सांगायचं. ती पोट वाढल्याचं बोललीच नव्हती, म्हणायचं. मेलेली बाई काय साक्ष द्यायला येणार आहे?" आपण दोघांनी! मला त्यांच्या पंगतीला बसवून मोकळे झाले. आणि किळस कसली आली सांगू? त्यांची नाही. मी एक क्षण विचार केला, याची.

मग मी जबाब लिहून दिला. परकर बसेना, हे तिचे शब्द होते तसे लिहिले. कंत्राटदाराची सासू लिहिली, कोऱ्या सह्या लिहिल्या, पेपर बाजूला काढायला कोणी सांगितलं आणि कोणी काढले तेही लिहिलं. कायमची ऑर्डर सोबत परत जोडली. याने मी धुतल्या तांदळासारखी होत नाही. ताईला सांगता येत नाही म्हणून ऑफिसला सांगितलं, इतकंच.

सुनावणी ३० तारखेला, सकाळी अकराला आहे. तू येशील, माहीत आहे. माझ्यासाठी येऊ नकोस, मला सावरू नकोस, 'तिचीही बाजू समजून घ्या' असं तर मुळीच म्हणू नकोस. भाची एकटी येणार आहे. तू तिच्या शेजारी बस. आणि तिला एवढं सांग की तिच्या आईला जगायचं होतं.

वहिनीला नमस्कार. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आता एकच राहिलेली बहीण