गुडघ्याला काहीही झालेलं नाही

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (हो, वाकता येतं, कसं ते पुढे कळेल). आम्ही मजेत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. तू पाठवलेला गुडघ्याचा पट्टा आणि वहिनींनी पाठवलेलं तेल मिळालं. पट्टा छान बसतो. पण दादा, माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. फोनवर हे सांगता येईना, कारण तुमच्याकडे फोन लावला की आई तो स्पीकरवर टाकते आणि अख्खं घर भोवती जमतं.

एका दमात लिहून टाकतो. गेलं वर्षभर बायकोजवळ गेलो की ऐन वेळी शरीर साथ देत नव्हतं. ताठरता यायची नाही, आली तर टिकायची नाही. वय बत्तीस, दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवणारा धडधाकट माणूस, आणि घरी ही तऱ्हा! पहिल्यांदा झालं तेव्हा थकवा म्हटलं. पुन्हा झालं आणि भीतीच बसली. मी मुद्दाम उशिरा घरी येऊ लागलो, टीव्हीवर नको त्या मॅच बघू लागलो (ज्यांची नावं नीट उच्चारता येत नाहीत अशा दोन देशांची हॉकीसुद्धा). बायको काही विचारेना, आणि ती विचारेना म्हणून मी आणखी घाबरलो. आपला संसार मोडणार, असं रोज वाटायचं.

आधी शहाणपणा केला तो मोबाइलवरून गोळ्या मागवण्याचा. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, नुसतं गेंड्याचं चित्र. एक घेतली. तासाभरात चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, ट्यूबलाइट निळसर दिसायला लागली. बायकोला वाटलं ताप भरला. बिचारी संध्याकाळभर कपाळावर थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसली आणि मी डोळे मिटून गेंड्याला शिव्या देत पडलो. उरलेल्या फेकून दिल्या. (हृदयाच्या काही औषधांबरोबर असल्या गोळ्या जिवावर बेततात, हे नंतर कळलं.)

मग दवाखाना गाठला. तिथे हाडांचे डॉक्टर आणि पुरुषांच्या तक्रारी बघणाऱ्या डॉक्टरबाई, दोघांच्या पेशंटना बसायची खोली एकच. आत पाऊल टाकतो तर समोर गळ्यात पट्टा घालून माझे सासरे! काय जावईबापू, इकडे कुठे? तोंडातून निघून गेलं, गुडघा. (क्लच दाबून दाबून, हेही मीच जोडलं.) सासरे इतके कळवळले की त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडचा रांगेतला आपला नंबर मला दिला आणि आधाराला म्हणून आतही आले. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, दाबला, ठोकला, काही सापडेना. मी म्हटलं, मग नसेलच काही. सासरे म्हणाले, पोरगा सोसतोय हो, बोलत नाही, फोटो काढाच. फोटो निघाला, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा दोन्ही घरांत पोहोचला. आईने तिकडून माझे जिने बंद केले, मामेसासऱ्यांनी तर ऑपरेशनवालाही गाठून ठेवला.

बायकोने आठवडाभर बघितलं आणि एक दिवस तेल चोळता चोळता विचारलं, काल डावा होता, आज उजवा कसा? मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग माझ्याहून जास्त रडली. वर्षभर तिला वाटत होतं की ती मला आवडेनाशी झाली. दादा, मी लाज राखत बसलो होतो आणि ती आरशात स्वतःला दोष देत होती.

पुढच्या वेळी दोघं गेलो. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, साखर, हार्मोन सगळं बघितलं, पहाटे ताठरता असते का विचारलं (बायकोसमोर!). असते म्हटल्यावर म्हणाल्या, मग यंत्रणा ठीक दिसते. बीपी थोडं चढलेलं, झोप अपुरी, सिगारेटी भरपूर, बाकीचं भीतीचं काम. तुमच्या शिकवायच्या गाडीत तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना, म्हणाल्या, घरी त्यावरचा पाय काढा. तिशीतले कितीतरी जण येतात, 'नपुंसक' हा शब्द माझ्या खोलीत चालत नाही. सिगारेट बंद, चालणं रोज, लागली तर गोळी, पण त्यांना विचारून. आणि काही आठवडे बंदी: शेजारी झोपायचं, गप्पा मारायच्या, हात हातात घ्यायचा, त्यापुढे काही नाही. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास व्हायची भीती गेली. बंदी काही आम्हाला पाळता आली नाही. ते डॉक्टरबाईंना कोणी सांगायचं यावरून बाहेरच्या बाकावर आमचं भांडण झालं. अजून दर वेळी जमतंच असं नाही. नाही जमलं तर चहा करतो आणि गप्पा मारत बसतो.

तुझा,
ठणठणीत धाकटा

ता. क. : गुडघ्याचं कुणाजवळ बोलू नकोस. सासरे रोज सकाळी मला हात धरून चालवायला येतात. माझं चालणं होतं, आणि त्यांची मानही सुधारली आहे.

ता. क. २ : ज्यासाठी पत्र लिहिलं ते आता. कंबर दुखते म्हणून तू वर्षभर बाहेर सोफ्यावर झोपतोस, आणि एकाही डॉक्टरला दाखवत नाहीस, असं वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या. दादा, कंबर दुखणारा माणूस सोफ्यावर झोपत नाही. मी चुकत असेन तर येऊन कान पीळ. पण तुझ्या सिगारेटी माझ्या दुप्पट, आणि डॉक्टरबाई म्हणतात, तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असल्यामुळे हृदयाची तक्रार कधी कधी आधी तिथेच दिसते. शुक्रवारची वेळ घेतली आहे. नंबर माझ्या नावावर लावलाय, तुझं नाव आत गेल्यावर सांग. वहिनींना घेऊन ये.

ता. क. ३ : फोन ठेवता ठेवता वहिनींनी माझ्या बायकोला विचारलं, मी फार थोराड दिसायला लागलेय का गं? शुक्रवारी ये, दादा.