प्रेक्षकांना लागत नाही

प्रिय खारूताई,

तुझ्या आईने कळवलं, तू परीक्षेला बसली नाहीस आणि दिवसभर खोलीचं दार लावून असतेस. माझे फोन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून हे कागदावर लिहितोय. निदान फाडायला तरी हातात घेशील.

इथलं अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवायचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला बंद आहे. माझ्या खोलीत अजून तीच फिरती खुर्ची आहे, जिच्यावर आठव्या वर्षी गरगर फिरून तू ओकली होतीस. त्या दिवशी तू विचारलंस, शिशाची दोन अणुकेंद्रकं एवढ्या वेगाने येऊन नुसती कडेला कडा लागून गेली, तर काय होतं? मी ऐटीत सांगितलं, कडांचा चुराडा होतो. उरलेला भाग सरळ पुढे जातो, त्याला आम्ही प्रेक्षक म्हणतो. प्रेक्षकांना लागत नाही ना, असं तू दोनदा विचारलंस. मी नाही म्हणालो. मला घरी जायची घाई होती.

खरं तर माझी सगळी नोकरी या प्रेक्षकांवरच चालते. ते त्याच वाटेने, जवळजवळ त्याच वेगाने जात राहतात. पण अंगाचा लचका तुटलेला असतो, आत ताप भरलेला असतो, आणि टक्कर संपल्यावर ते आपसूक फुटतात. कधी एखाददुसरा कण गळतो, कधी पार ठिकऱ्या होतात. बावीस वर्षं मी त्या ठिकऱ्या मोजतोय.

आई आणि मी भांडायचो तेव्हा तू शेजारच्या खोलीत मोठमोठ्याने पाढे म्हणायचीस. एकोणतीसचा चुकला की आम्ही दोघेही भिंतीपलीकडून दुरुस्त करायचो आणि पुन्हा भांडायला लागायचो. मला वाटायचं, पोरगी खमकी आहे.

घटस्फोटाच्या अर्जात एक रकाना होता, अपत्यावर झालेला परिणाम. मी लिहिलं, ‘काही नाही. ती केवळ प्रेक्षक होती.’ तो कागद तुझ्या हाती लागल्याचं मला काल कळलं. ज्या शब्दावर जन्मभर पोट भरलं, तोच मी घरात चुकीचा वापरला. माफी मागतो, पण तेवढ्याने काय होणार? मला तुकडे मोजता येतात, जोडायचे कसे ते आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही. रविवारी येऊन मी तुझ्या दाराबाहेर बसणार आहे. दार उघडू नकोस, बोलूही नकोस. जमलं तर एकोणतीसचा पाढा म्हण. चुकलीस तरी मी दुरुस्त करणार नाही.

तुझाच,
हात टेकलेला बाबा