माळांची वही, अकॉर्डियन आणि पान एकेचाळीस

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गणिताची पदवीधर, पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले तेव्हा ते स्वतः एकावन्नाशी अडखळत होते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे माणूस या घरात फार काळ टिकलेले नाही. प्रकृती ठीक आहे, घाई कसलीच नाही. पण माझ्यामागे चार जणांनी कपाटे उचकायची आणि प्रत्येकाने "बाईंना असंच हवं होतं" म्हणायचे, हे मला चालणार नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावी. ती दंतवैद्य आहे आणि तिचा हात हलका आहे, असे तिचे पेशंट सांगतात. माझ्या दाढेला तसा अनुभव नाही. घर तिने विकावे, भाड्याने द्यावे किंवा त्यात राहावे, मी वरून बघायला येणार नाही. तिची एक जुनी तक्रार आहे की या घरात तिला लहानपणी कोणतेही गाणे शेवटपर्यंत ऐकायला मिळाले नाही, सगळी चाळीस सेकंदांत तुटायची. तक्रार रास्त आहे. म्हणून रेडिओही तिलाच.

कलम २. पुढची कलमे समजावीत म्हणून आमच्या कामाविषयी लिहिते. ‘दुप्पट’ नावाची आमची पाच जणांची वाद्यमंडळी आहे. लोक ज्या गाण्यांवर रडतात, ओरडतात, केस मोकळे सोडून माना हलवतात, ती सगळी लोकप्रिय गाणी आम्ही पोल्कात वाजवतो. पोल्का म्हणजे दोन ठोक्यांचा उड्या मारणारा नाच: पहिला ठोका ट्यूबा नावाच्या जाड्या पितळी शिंगाचा, दुसरा अकॉर्डियनचा, मधे श्वासाला जागा नाही. अशी दहा-बारा गाणी एकापुढे एक ओवली की त्याला आम्ही माळ म्हणतो आणि एक गाणे सोडून दुसरे धरायच्या जागेला गाठ. सगळी करामत गाठीत असते. जग जाळून टाकीन म्हणून किंचाळणारा रॉक गायक आमच्या ठेक्यात आला की दुकान बंद व्हायच्या आत साबण आणायला निघालेल्या गृहस्थासारखा वाटतो, आणि त्याला धाप लागते नेमक्या त्या जागी आम्ही दुसऱ्या कोणाचे तरी प्रेमभंगाचे गाणे जोडतो. लोक खुर्चीवरून पडतात. एकदा एक गृहस्थ खरेच पडले. नंतर आपल्या पेढीच्या वार्षिक संमेलनातला कार्यक्रम त्यांनी आम्हालाच दिला.

यासाठी पूर्णांक, अपूर्णांक आणि वेळेचा हिशेब पक्का लागतो. पदवीचा मला उपयोग झाला तो इथेच. कार्यालयात फक्त मीटरचे आकडे होते.

मंडळीचे नियम तीन. शब्द बदलायचे नाहीत. शब्द तेच, सूर तेच, आम्ही फक्त पळवतो. वाजवणाऱ्याने हसायचे नाही. आणि मूळ गायकाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय गाणे माळेत घ्यायचे नाही. हा तिसरा नियम माझा. कायद्याने तो लागतो की नाही यावर वाद आहे. मला त्या वादात रस नाही. एखाद्याचे रडणे आपण हसण्यावारी नेणार, तर आधी त्याला विचारावे. मी विचारत आले. अठरा जणांनी नाही म्हटले. एका गायिकेने लिहिले, "ते गाणं माझ्या आईसाठी आहे, त्याला हात लावू नका." लावला नाही.

कलम ३. अकॉर्डियन, त्याची पेटी आणि माळांची वही आमच्या क्लॅरिनेटवालीला द्यावी. ती दिवसा बस चालवते. मंडळीचे पुढारपण तिच्याकडे जाईल. तिला भाता जपून ओढायला सांगितले आहे. वाद्याचे वजन अकरा किलो आहे, ते पाठीला चाळिसाव्या वर्षानंतर कळते, तेव्हा व्यायाम आत्ताच सुरू करावा. ती घाबरून म्हणाली, "बाई, मला नाही जमणार गाठी मारायला." मी म्हटले, "भर गर्दीच्या चौकात बस वळवतेस ना? तेच आहे."

कलम ४. ट्यूबावाल्याला वाटते की पुढारपण त्याला मिळणार होते. त्याने हे कलम दोनदा वाचावे. तो प्लंबर आहे, मंडळीत माझ्या खालोखाल जुना आहे, आणि माझ्या मोरीचा नळ त्याने एकवीस वर्षांत एकदाही फुकट दुरुस्त केलेला नाही, हे त्याच्या बाजूनेच सांगते: कामात तो चोख आहे. पण तो हसतो. ट्यूबात हसला की तो आवाज पिंपात म्हैस अडकल्यासारखा येतो. मी समोरासमोर सांगितले तेव्हा म्हणाला, "अहो बाई, विनोदी संगीत वाजवायचं आणि हसायचं नाही? मग मी नळच बसवतो की!" तरी त्याच्याशिवाय मंडळी उभी राहणार नाही. माझे लाकडी स्टूल, नोटेशनचे चारही स्टँड आणि माझी चांगली छत्री त्याला द्यावी. स्टूल त्याचे वजन पेलेल; तपासले आहे.

कलम ५. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना माझा लाकडी मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय दाखवणारे यंत्र, द्यावा. आमच्या तालमीच्या वेळी त्या बावीस वर्षे काठीने जमीन ठोकत आल्या. काठी नेहमी दुसऱ्या ठोक्यावर पडायची, एकदाही चुकली नाही. अशी लय आमच्या दोन ढोलवाल्यांना नव्हती. त्यांना मी मंडळीत बोलावले होते. त्यांनी दार लावून घेतले. राग नाही.

कलम ६. ज्या समीक्षकाने आमच्याविषयी "हे संगीत नव्हे, संगीताला झालेली उचकी आहे" असे छापले, त्याला काही नाही. मुद्दाम लिहिते, म्हणजे विसरले असे वाटू नये. वाक्य मात्र चांगले होते. आम्ही ते भित्तिपत्रकावर छापले.

कलम ७. परवानग्यांची फाइल वहीबरोबर क्लॅरिनेटवालीकडे जावी. वकीलबाईंनी ती तपासायला मागितली. दोन तास त्यांनी वही आणि फाइल शेजारी ठेवून खुणा केल्या आणि मग चष्मा काढला.

"वहीत गाणी एकशे तेरा. होकाराची पत्रं एकशे बारा. एक कुठंय?"

"पान एकेचाळीस," मी म्हटले.

"हो. ते कुणाचं?"

"माझ्या धाकट्या भावाचं."

"मग त्याची परवानगी?"

"घरच्या माणसाला कसलं पत्र?"

 वकीलबाईंनी पेन्सिलने त्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटे प्रश्नचिन्ह काढले. त्या चिन्हाने मला पुढचे तीन दिवस जेवू दिले नाही, म्हणून पुढचे कलम.

कलम ८. माझा धाकटा भाऊ गायक आहे. त्याचे एकच गाणे गाजले, पण असे गाजले की दुकानात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, कुठेही ऐकू यायचे. त्याची बायको गेल्यावर त्याने ते लिहिले. माणूस सकाळी उठतो आणि सवयीने दोन कप काढतो, एवढेच त्यात आहे.

त्याआधी दर रविवारी तो माझ्या स्वयंपाकघरात बसायचा आणि निम्म्या गाठी तोच सुचवायचा. दुसऱ्याच्या रडक्या गाण्यावर त्याच्याइतके मोठ्याने हसणारे कोणी नव्हते. मी त्याचे गाणे माळेत घेतले, तिसऱ्या माळेचे शेवटचे. वर एका ढोलवाल्याला दोन कप आणि एक चमचा दिला, ठेक्यावर किणकिणवायला. मला वाटले, याला दुसरे कोणी हसवत नाही, आपण हसवू. खरे लिहायचे तर कपांची युक्ती मला फार आवडली होती आणि तिच्यापुढे मी बाकी विचार केला नाही.

पहिल्याच प्रयोगाला तो न सांगता आला होता. तिसऱ्या रांगेत बसला होता. कप वाजले आणि सगळे सभागृह हसले. मी भाता ओढत असताना तो उठून उभा राहिलेला दिसला. नंतर पडद्यामागे आला, कोट हातात.

"ताई," म्हणाला, "परक्यांना पत्रं पाठवतेस."

एवढेच बोलला आणि गेला. त्याला एकोणीस वर्षे झाली. मी ते गाणे पुन्हा वाजवले नाही. फर्माइशी आल्या, तरी नाही. पण पानही काढले नाही आणि त्याच्याकडेही गेले नाही. लहानांनी मोठ्यांकडे यावे, असे माझे मत होते. लेक दर वर्षी म्हणायची, "आई, एक फोन कर. मामा उचलेल." मी म्हणायचे, "त्यालाही नंबर पाठ आहे."

पान एकेचाळीस आणि आमच्या वडिलांचा माउथ ऑर्गन माझ्या या भावाला द्यावा. पानाचे त्याने काय करावे हे तो ठरवील.

कलम ९. कलम आठ लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मेल्यावर पान देणे म्हणजे पुन्हा न विचारताच काम उरकणे आहे. म्हणून मी त्याला पत्र लिहिले. वेगळे काही लिहिले नाही, परक्यांना पाठवते तोच मजकूर, तीन प्रतींत: "आपले अमुक गाणे पोल्का स्वरूपात, विनोदी अंगाने, चाळीस सेकंद सादर करण्यास आपली अनुमती आहे काय? नकार असल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही." खाली एक ओळ जास्तीची घातली: "हे पत्र एकोणीस वर्षे उशिरा पाठवत आहे. चूक माझी आहे." ही ओळ लिहायला उरलेल्या सगळ्या मृत्युपत्राइतका वेळ लागला.

सहा दिवसांनी उत्तर आले. आमच्याच प्रतीवर, खालच्या रेघेवर: "अनुमती नाही." खाली सही.

मी ते वाचले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. नकार हे उत्तर असते. उत्तर मिळाले की काय करायचे हे मला ठाऊक आहे: फाइलला लावायचे आणि पान काढायचे.

आज सह्यांसाठी डॉक्टर, वकीलबाई आणि लेक स्वयंपाकघरात जमलेले असताना दाराची घंटा वाजली. भाऊ होता. केस सगळे पांढरे झाले आहेत, मला कोणी सांगितले नव्हते.

"पान काढलंस का बघायला आलोय," तो म्हणाला.

"अजून नाही. बस."

"माझ्यासमोर काढ."

मी ब्लेडने पान सरळ कापून त्याच्या हातात दिले. त्याने खिशातून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या वाचू लागला. ओठ हलत होते. दुसऱ्या ओळीपाशी त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, हा सूर चुकलाय. इथं मी खाली उतरतो. तू वर नेलंयस."

"रेडिओवर तसंच ऐकू आलं."

"एकोणीस वर्षं चुकीचं गाणं वहीत ठेवलंस!" आणि त्याने वकीलबाईंची पेन्सिल घेऊन तो सूर दुरुस्त केला.

"म्हणजे आता वाजवायचं का?" मी विचारले.

"नाही म्हणजे नाही."

"बरं."

"चहा टाक," तो लेकीला म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

मग वकीलबाईंनी एक अडचण काढली. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि वरच्या शेजारीणबाई ठरल्या होत्या. पण ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि कलम पाचप्रमाणे शेजारीणबाईंना मेट्रोनोम मिळतो. स्वतः तपासलेल्या कागदावर वकीलबाई साक्षीदार होत नाहीत, तेव्हा एक सही कमी पडली.

"मी करतो," भाऊ म्हणाला.

"तुम्हालाही चालणार नाही. कलम आठमध्ये तुमचं नाव आहे. पान आणि माउथ ऑर्गन."

"पान तर माझ्या हातात आलं. माउथ ऑर्गन भाचीला द्या."

"मामा, मला वाजवता येत नाही."

"लोकांच्या तोंडात दिवसभर हात घालतेस, एक तोंडाचं वाद्य सांभाळता येत नाही? घे."

"अरे, ते बाबांचं आहे," मी म्हटले. "तुला हवं होतं. लहानपणी त्यावरून मला चावला होतास."

"हवं होतं. पण सही करायला माणूस हवा आहे ना? मग खोड ते."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी कलम आठचा शेवटचा परिच्छेद माझ्या हाताने खोडला आणि बाजूला आद्याक्षरे घातली. माउथ ऑर्गन लेकीला.

कलम १०. अंत्यविधीत मंडळीने वाजवायचे की नाही ते क्लॅरिनेटवाली ठरवील. वाजवले तर गाठी स्वच्छ याव्यात. भाषणे नकोत. ट्यूबावाल्याला त्या दिवशी हसायला माझी परवानगी आहे. ती इथे लेखी दिली आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला कळले आणि मला मान्य आहे. यात कोणाला कमी मिळाले असे वाटले तर त्याने मला जिवंतपणी विचारावे. संध्याकाळी पाच ते सात मी घरी असते.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: चालू महिन्याची एकोणीस, सकाळी अकरा वाजता.

लिहून ठेवणारी: सही.

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत लिहून ठेवणारीने वर सही केली आणि तिच्या डोळ्यांदेखत आम्ही केल्या.

साक्षीदार एक: सही. डॉक्टर, तळमजल्यावरचा दवाखाना.

साक्षीदार दोन: सही. गायक. लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.